सुतारकामाचं टेबल घरीच करायचं आहे, लाकूड कुठून आणि कसं घ्यावं? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पेशानं सुतार नाही. बेळगावच्या अनगोळात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी रंधा-करवत घेऊन बसतो, एवढंच. आजवर दोन टेबलं केली. पहिल्यावर आता कुंड्या ठेवल्यात, दुसऱ्यावर अजून काम चालतं. पहिलं का बिघडलं ते खाली येईलच. ओळखीतले आणि ओळखीच्यांच्या ओळखीतले लोक फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून सगळं एकदा लिहून ठेवतोय. भाव मात्र लिहिलेले नाहीत. वखारीत पाडव्याला ऐकलेला भाव गणपतीपर्यंत टिकत नाही. भाव पारखायचा हिशेब दिलाय, तो जास्त उपयोगी पडेल.

टेबल कशाला हवं? आपले जुने मेस्त्री तर जमिनीवर बसूनच काम करायचे की.

होय की. खानापूरकडचे काही मेस्त्री अजूनही एक जाड ठोकळा पुढ्यात घेतात, फळी पायानं दाबून धरतात आणि वाकसानं (तासायच्या छोट्या हत्यारानं) अशी सरळ तासतात की बघत राहावं. पण त्याला लहानपणापासून वळलेली मांडी लागते. खुर्चीत बसून ताठरलेल्या आमच्यासारख्यांच्या कमरेला ते झेपत नाही.

उभं राहून रंधा मारायचा तर टेबल जागचं हलता कामा नये. म्हणजे ते जड हवं, आणि वरचा माथा सपाट राहायला हवा. बस्स. लाकूड देखणं असायची गरज नाही, एका रंगाचं असायचीही नाही. वजन, सरळपणा आणि वाळलेपणा, या तीन गोष्टींसाठी पैसे मोजा. नावासाठी मोजू नका.

एकूण किती लाकूड लागेल?

सहा फूट लांब, दोन फूट रुंद, तीन इंच जाड माथा धरला तर त्यालाच ३ घनफूट. पाय चार, प्रत्येकी चार बाय चार इंच आणि अडीच फूट उंच. ते मिळून १.१ घनफूट. पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, दोन लांब आणि चार आखूड, त्याही साधारण तेवढ्याच. बेरीज सव्वापाच घनफूट. कापण्यात आणि रंध्याखाली पाव भाग जातो असं समजा. म्हणून साडेसहा ते सात घनफूट आणा. कमी आणलंत तर दुसऱ्या खेपेला तसंच लाकूड मिळत नाही, हे मी दोनदा अनुभवलंय.

उंची या हिशेबानं ३३ इंच होते. उभं राहून हात सैल सोडल्यावर मनगट जिथं येतं, साधारण तिथवर माथा यावा. उंच माणसानं पाय वाढवावेत.

वखारीत घनफूट कसं मोजतात? आम्हाला काही कळत नाही आणि तिथं विचारायची लाज वाटते.

लाज वाटायचं कारण नाही. चिरलेल्या लाकडाचा हिशेब सोपा आहे: रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात. तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा. नऊ इंच रुंद, तीन इंच जाड, सहा फूट लांब फळी म्हणजे ९ गुणिले ३ गुणिले ६, भागिले १४४. सव्वा घनफुटाला थोडं कमी, १.१२५. मोबाइलमध्ये हिशेब करा, टेप स्वतःची न्या आणि फळी दोन्ही टोकांना मोजा. कडेला साल राहिलेली फळी असेल तर अरुंद बाजूची रुंदी धरायला सांगा.

गोल ओंडका घेताना पद्धत वेगळी. मधल्या घेराचा चौथा हिस्सा काढतात, त्याचा वर्ग करतात आणि लांबीनं गुणतात. ४८ इंच घेराचा, आठ फूट लांब ओंडका असेल तर चौथाई १२ इंच. बारा गुणिले बारा गुणिले आठ, भागिले १४४, म्हणजे ८ घनफूट. भूमितीनं बघितलं तर त्यात दहाच्या वर घनफूट लाकूड असतं. या जुन्या पद्धतीत शेकडा एकवीस-बावीस भाग साल आणि फळकुटांसाठी आधीच सोडलेला असतो. ऐकून फायदा वाटतो. पण चिरून आल्यावर चौकोनी माल पाच-सहा घनफूट हातात पडला तरी पुष्कळ. वर चिराईचे पैसे वेगळे, टेंपो वेगळा. हे सगळं धरून शेवटी हातात आलेल्या लाकडाचा घनफुटाचा भाव काढा आणि मगच चिरलेल्या लाकडाशी तुलना करा. सात घनफुटासाठी ओंडका घेणं बहुधा परवडत नाही. चौघांनी मिळून घेतला तर गोष्ट निराळी.

सागवानच घ्यावं, असं वडील म्हणतात.

वडिलांचं चौकटीसाठी आणि दारासाठी खरं आहे. सागवान पाण्यात टिकतं, वाळवी सहसा लागत नाही, फारसं आखडत-फुगत नाही. टेबलाला मात्र ते महाग पडतं आणि वजनालाही हलकं. हीच मापं मत्ती नावाच्या जड लाकडात केली तर टेबल सव्वाशे किलोच्या घरात जातं, सागवानात शंभराच्या आत राहतं. शिवाय सागवानात वाळूसारखा अंश असतो, त्यानं रंध्याचं पातं लवकर बोथट होतं. तेलकटपणामुळं डिंकही नीट धरत नाही. चिकटवण्याआधी थिनरनं पुसून घ्यावं लागतं.

जुनं सागवान फुकटात किंवा घरच्या मोडलेल्या माळ्यातून मिळालं तर मात्र सोडू नका. नवं विकत घेऊन टेबल करणं म्हणजे पैठणीचं पायपुसणं.

मग आपल्या भागात कोणतं लाकूड घ्यावं?

इथं बेळगाव जिल्ह्याचे दोन तुकडे पडतात. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबी, लोंढा हा जंगलाचा, पावसाचा भाग. पूर्वेला चिकोडी, रायबाग, गोकाक, अथणी हा माळाचा आणि उसाचा. लाकूडही तसंच बदलतं.

पश्चिमेकडं पहिलं नाव मत्तीचं. मराठीत ऐन म्हणतात. मगरीच्या पाठीसारखी साल असलेलं ते झाड. लाकूड काळपट तपकिरी, जड, भक्कम. रंध्याला त्रास देतं, कारण तंतू एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असे जातात, पण पाय आणि आडव्या पट्ट्यांसाठी याच्यासारखं दुसरं नाही. किंजळ त्याचाच भाऊबंद. नाणा, ज्याला वखारीत नंदी म्हणतात, तो मत्तीपेक्षा हाताला नरम आणि सरळ. माथ्यासाठी मला तो जास्त आवडतो. जांभा मिळाला तर वजनाचा प्रश्नच मिटला, फक्त खिळा ठोकायच्या आधी भोक पाडा, नाहीतर खिळाच वाकतो. होन्ने म्हणजे आपला बिबळा: लाकूड सुंदर, पण त्याला चौकटी आणि फर्निचरवाल्यांचं गिऱ्हाईक आहे, त्यामुळं स्वस्त नाही. ओलं झालं की पिवळसर डाग सोडतं, पांढरा शर्ट घालून काम करू नका.

पूर्वेकडं बाभूळ. बैलगाड्या आणि औतं हिच्यावरच चालली. चिवट आणि जड आहे, पण लांब सरळ तुकडा मिळणं अवघड. पाय, लाकडी हातोडा, पाचरी यांसाठी घ्या. सहा फुटी फळीच्या मागं लागू नका. जुने मेस्त्री बाभळीचे ओंडके काही महिने पाण्यात मुरवून मग चिरायचे. त्यानं लाकडातली साखर-पिष्ट निघून जातं आणि भुंगा लागायचं प्रमाण कमी होतं. अंधश्रद्धा नव्हे, व्यवहार होता तो.

लागवडीच्या झाडांत ऑस्ट्रेलियन बाभूळ, जिला सगळे नुसतं अकेशिया म्हणतात, तिच्याकडं लोक जळण म्हणून बघतात, हे चुकीचं. नीट वाळवलेली अकेशिया माथ्यालाही चालते आणि स्वस्तही पडते. सिल्व्हर ओक कॉफीच्या मळ्यांकडून ट्रकनं येतो. हलका आहे, चटकन फुटतो, पण खालच्या फळीला आणि ड्रॉवरला ठीक. आंबा स्वस्त, पण भुंग्याचा लाडका. निलगिरी वाळताना पीळ खाते आणि तडकते, तिला माथ्यापासून लांब ठेवा. फणस चांगला आहे, पण ज्याच्या परसात फणस आहे तो झाड तोडून टेबल करणार नाही, आणि करूही नये.

सगळ्यात स्वस्त आणि चांगलं लाकूड कुठलं?

पाडलेल्या घराचं. या एका प्रश्नाचं उत्तर जरा लांबवतो, कारण पैसे इथंच वाचतात.

बेळगावच्या जुन्या गल्ल्यांतली, शहापूर-वडगावातली आणि खेड्यापाड्यातली कौलारू घरं मोडून स्लॅब पडतायत. त्या घरांतल्या तुळया, खांब, वासे, माळ्याच्या फळ्या, कडीपाट हे सगळं जुन्या सामानाच्या दुकानांत जातं. पन्नास-साठ वर्षं छपराखाली वाळलेलं लाकूड. जितकं आखडायचं तितकं आखडून झालंय, जिथं पीळ खायचा तिथं खाऊन झालाय. नवीन लाकूड घेऊन दोन वर्षं थांबण्यापेक्षा हे कधीही बरं. त्यात सागवान निघतं, मत्ती निघते, कधीकधी नावच सांगता येणार नाही असं काहीतरी भलतंच टणक निघतं.

निपाणीकडच्या लोकांनी जुन्या तंबाखूच्या वखारींवर लक्ष ठेवावं. (निपाणीत ‘वखार’ म्हटलं की आधी तंबाखू डोळ्यांपुढं येतो आणि बेळगावात लाकूड. फोनवर पत्ता विचारताना यावरून एकदा माझी मोठी फजिती झालीय.) त्या इमारतींतल्या तुळया लांबलचक असतात. वडगाव-खासबागेकडं कुणाच्या घरी मोडका हातमाग धूळ खात पडला असेल तर त्याचे खांबही बघा, पायांसाठी आयते मिळतात.

शक्य असेल तर दुकानात जाण्याआधी घर पाडणाऱ्या ठेकेदाराला गाठा. भिंती पडायच्या आधी तुळया उतरवल्या तर त्या शाबूत राहतात. जेसीबीनं ओढलेल्या तुळईत आडवी भेग असते, जी पृष्ठभागावर दिसत नाही आणि चिरल्यावर कळते. घरमालकाशी बोलताना जरा सांभाळून. त्याच्या आजोबांनी बैलगाडीनं आणलेली तुळई असते ती. ‘भंगार’ हा शब्द तोंडातून काढू नका. त्या तुळईचं काय करणार हे सांगितलंत तर भावही कमी होतो, असा अनुभव आहे.

जुनं लाकूड घेताना काय तपासायचं?

आधी दोन्ही टोकं. भिंतीत गाडलेलं टोक बहुतेक वेळा ओल आणि वाळवीनं गेलेलं असतं. तेवढा फूटभर भाग मोजणीतून वजा करायला सांगा. मग हातोडीनं सगळीकडं ठोकत जा. घट्ट लाकूड खणखणीत बोलतं, पोकळ झालेलं भद्द करतं. बारीक छिद्रं दिसली तर त्याखाली कागद धरून ठोका: ताजी, पांढरट पूड पडली की भुंगा आत जिवंत आहे. काळी पडलेली जुनी छिद्रं असतील आणि पूड नसेल तर घाबरायचं कारण नाही.

खिळ्यांसाठी मजबूत लोहचुंबक न्या, जुन्या स्पीकरमधलाही चालतो. दोरीला बांधून लाकडावरून फिरवला की लपलेल्या खिळ्याकडं ओढला जातो. खोल गेलेला खिळा त्यानंही कळत नाही, म्हणून गंजाचे निळे-काळे डाग शोधा. सॉमिलवाले (लाकूड चिरून देणारे) जुनं लाकूड चिरायला नाखूष असतात ते खिळ्यांमुळंच, आणि त्यांचं बरोबरही आहे. एका खिळ्यात करवतीच्या पट्टीचे दात जातात. आधीच सांगा: खिळे काढून आणतो, तरी पातं गेलं तर धार लावायचे पैसे देतो. मग बहुतेक जण तयार होतात.

जुन्या दारा-खिडक्यांवर ऑइलपेंटचे थर असतील तर ते कोरडे घासू नका. जुन्या रंगांत शिसं असायचं. आपल्याकडं घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली. रंगाचा थर रंध्यानं किंवा रंग काढायच्या द्रावणानं काढा, तोंडाला मास्क लावा आणि लहान पोरांना शेडमध्ये येऊ देऊ नका.

उद्यमबागेत कारखान्यांबाहेर खोकी आणि पॅलेट पडलेली दिसतात. ती चालतील का?

चालतात, निवडून घेतली तर. बेळगाव हे फाउंड्री आणि मशीनशॉपचं गाव; उद्यमबाग, मच्छे, होनगा इकडं यंत्रं आणि सुटे भाग लाकडी खोक्यांतून येतात-जातात. साध्या पॅलेटच्या पट्ट्या पातळ असतात, त्या काढताना निम्म्या फुटतात. त्यापेक्षा बाहेरदेशातून आलेल्या मोठ्या यंत्राच्या खोक्याखालचे जाड ठोकळे विचारा. पाईनचे असतात, कधी चार बाय चार इंचाचेही. नुसत्या पाईनचं टेबल पाऊणशे किलोच्या आसपास भरतं. हलकं वाटलं तर खाली फळी टाकून वाळूची पोती ठेवायची, काम होतं.

आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या लाकडावर गव्हाच्या लोंबीचं चित्र असलेला शिक्का मारलेला असतो. त्यात एचटी अक्षरं असली तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं आहे, म्हणजे किडीचा प्रश्न नाही. एमबी असलं तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते मी घेत नाही. शिक्का नसलेलं खोकं देशातच बनलेलं, आंब्याचं किंवा सिल्व्हर ओकचं असतं. तेलाचे, रसायनाचे डाग असलेलं काहीच उचलू नका. आणि गेटवर विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. बऱ्याच कारखान्यांत भंगाराचा ठेका दिलेला असतो, त्या ठेकेदाराकडूनच घ्यावं लागतं.

फाउंड्रीचा विषय निघालाच आहे तर: साचा बनवण्यासाठी लाकडी पॅटर्न करणारे मेस्त्री या भागात आहेत. त्यांच्याइतकं वाळलेल्या लाकडाचं महत्त्व कुणालाच ठाऊक नसतं, कारण पॅटर्न केसभर वाकला तरी अख्खं कास्टिंग वाया जातं. ओळख काढा. चहा पाजा. तासाभरात शिकाल ते मला दोन वर्षांत कळलं.

वखारवाले म्हणतात लाकूड वाळलेलं आहे. विश्वास ठेवायचा का?

मी ठेवला होता. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, आणि मिलमधले दादा म्हणाले, ‘एकदम ड्राय माल आहे साहेब.’ मत्तीच्या ताज्या चिरलेल्या फळ्या होत्या. हाताला गार लागत होत्या, तरी मी घेतल्या, कारण रविवार होता, टेंपो दारात होता आणि उत्साह ऊतू जात होता. चिकटवून, बोल्ट मारून माथा पायांवर पक्का आवळला. दिवाळीपर्यंत दृष्ट लागावी असा दिसत होता. फेब्रुवारीत चोवीस इंचाचा माथा जवळजवळ एक इंचानं आखडला. खालच्या आडव्या पट्ट्यांनी त्याला आखडू दिलं नाही, म्हणून तो मधोमध फाटला. आवाज रात्री आला. बायको म्हणाली, मांजर पडलं असेल.

त्या टेबलावर आता कुंड्या आहेत.

आपल्याकडची हवा हा यातला मुख्य मुद्दा. उन्हाळ्यात बेळगावात चांगलं वाळलेलं लाकूड दहा टक्क्यांच्या आसपास ओल धरून असतं, पावसाळ्यात तेच लाकूड पंधराच्या पुढं जातं. जांबोटी-कणकुंबीकडं त्याहून जास्त, अथणीकडं कमी. म्हणजे वाळलेलं लाकूडही वर्षभर थोडं फुगतं आणि आखडतं, आणि तेवढी मोकळीक ठेवूनच माथा बसवायचा: मधला बोल्ट घट्ट, कडेच्या बोल्टांची भोकं आडवी लांबट. पण ओलं लाकूड कुठल्याच मोकळिकीत बसत नाही.

ओल मोजायचं मीटर नाही. घरी कसं तपासायचं?

दोन-तीन उपाय आहेत. वखारीत उभ्या-उभ्या करायचा म्हणजे फळीचं टोक सोडून मधल्या भागावर गाल टेकवा. ओलं लाकूड गार लागतं. सारख्या मापाच्या दोन फळ्या उचलून बघा, जी जास्त जड ती बहुधा ओली.

खरा उपाय वजनकाट्याचा. फळीच्या टोकापासून फूटभर आत घेऊन एक पातळ चकती कापून आणा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ताबडतोब वजन करा. मग ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत तासा-तासानं मोजत राहा. समजा आधी ६२ ग्रॅम होतं आणि शेवटी ५० राहिलं. फरक १२, त्याला कोरड्या वजनानं, म्हणजे ५० नं भागा. २४ टक्के ओल. ही फळी टेबलाची नाही, अजून वर्षभर रचून ठेवायची आहे. बारा-तेराच्या खाली आली की काम सुरू करा. ओव्हनला लाकडाचा वास लागतो, घरच्यांना आधी सांगून ठेवा.

स्वस्तात ओलं लाकूड मिळालंय. कसं वाळवू?

घाई न करता. ढोबळ हिशेब असा की एक इंच जाडीला एक वर्ष. उन्हात टाकलं की वरचा थर आधी वाळतो आणि फळी तडकते, म्हणून सावलीत, पण वारा खेळेल अशा जागी ठेवा. जमिनीपासून फूटभर उंच, सपाट पायावर, प्रत्येक थरामध्ये एकाच जाडीच्या कोरड्या रिपा, दर दीड-दोन फुटांवर, आणि त्या वरपासून खालपर्यंत एकाच रेषेत. रिपा वाकड्यातिकड्या ठेवल्या तर फळ्याही तशाच वाळतात. वर वजन टाका. टोकांतून ओल भराभर उडते आणि तिथंच भेगा पडतात, म्हणून चिरल्या दिवशीच टोकांना जाड ऑइलपेंट किंवा मेण लावा. खेड्यात शेणाचा लेप देतात, तोही चालतो. तीन इंच जाड फळी वाळवायची वाट बघू नका. दीड इंची चिरून घ्या, वाळल्यावर दोन-दोन चिकटवा.

आमच्याच शेतात झाड आहे. तोडून चिरून घेतलं तर फुकटच की?

परवानगीशिवाय नाही. कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आणि १९६३ चा वन कायदा लागू आहेत. स्वतःच्या जमिनीतलं झाड तोडायलाही वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याकडं अर्ज करावा लागतो, जमिनीचा उतारा जोडावा लागतो, आणि लाकूड हलवायला वेगळा परवाना. निलगिरी, सुरू, सुबाभूळ, सिल्व्हर ओक अशा लागवडीच्या काही झाडांना तोडीच्या परवानगीतून सूट आहे. तुमचं झाड त्यात बसतं का हे वन खात्याच्या रेंज ऑफिसात विचारून, जमल्यास लेखी घेऊन मगच करवत लावा. सागवान, शिसव आणि चंदन यांच्या बाबतीत तर उताऱ्यावर नाव आपलं असलं तरी गृहीत काहीच धरू नका. वाऱ्यानं पडलेलं झाडही आधी कळवा, मग उचला. परवानाधारक सॉमिल कागद बघितल्याशिवाय ओंडका आत घेत नाही. जी घेते, तिथं जाऊ नका.

चंदगड, आजऱ्याला पाहुणे आहेत. तिकडून लाकूड आणलं तर?

पाहुणा एकच असला तरी राज्यं दोन. शिनोळीच्या किंवा कोगनोळीच्या नाक्यावर टेंपो अडवला तर कागद लागतात: वखारीतून घेतलं असेल तर जीएसटीचं बिल, झाडाचं लाकूड असेल तर महाराष्ट्राच्या वन खात्याचा वाहतूक पास. राज्याराज्यांतल्या अशा वाहतुकीसाठी केंद्राची ऑनलाइन पास व्यवस्थाही २०२३ च्या अखेरीला सुरू झाली आहे. जुन्या घराचं लाकूड आणताना घरमालकाकडून साध्या कागदावर विक्रीचिठ्ठी आणि घर पाडतानाचे फोटो जवळ ठेवा.

दांडेली, हल्याळच्या सरकारी डेपोतल्या लिलावात आपल्यासारख्यांना लाकूड मिळतं का?

तिथं लाकूड लॉटनं विकलं जातं आणि एक लॉट म्हणजे तुमच्या-माझ्या दहा टेबलांचा माल. बघायला जरूर जा, सागवानाच्या थप्प्या डोळे भरून बघण्यासारख्या असतात. घ्यायचं असेल तर वखारवाल्यालाच लिलाव खेळू द्या.

प्लायवूडचं टेबल केलं तर कमी प्रतीचं होईल का?

नाही. ज्याला या सगळ्या फिराफिरीला वेळ नाही त्याला मी हेच सुचवतो. आठ बाय चार फुटांच्या एका शीटमधून सहा बाय दोनचे दोन तुकडे निघतात. १८ मिलिमीटरचे तीन तुकडे एकमेकांवर चिकटवले की ५४ मिलिमीटर जाड माथा तयार, म्हणजे दीड शीट. ऋतूप्रमाणं हलत नाही, फाटत नाही. आयएस ३०३ या प्लायवूडच्या भारतीय मानकाचा शिक्का बघून घ्या. शेडमध्ये पावसाचे शिंतोडे येत असतील तर त्यातला बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्यात टिकणारा ग्रेड. पाय मात्र भरीव लाकडाचेच करा, जुन्या खांबांचे. याहून स्वस्त हवं असेल तर जुना, भरीव गाभ्याचा फ्लश डोअर शोधा. चार पायांवर आडवा टाकला की संध्याकाळी काम सुरू. मित्राच्या शेडमध्ये असं टेबल आहे, कडीचं भोक अजून दिसतं.

लाकडाची पांढरी कड घ्यावी का?

शक्यतो नको. गाभ्याचं लाकूड गडद असतं, बाहेरचा पांढरा भाग भुंग्याला गोड लागतो. स्वस्त मालात थोडी कड येतेच. ती माथ्याच्या खालच्या अंगाला टाका आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी दोनदा पाजा.

मिलवाले कन्नड बोलतात. नावांचा घोळ होतो.

होतो खरा, विशेषतः गोकाक-चिकोडीकडं. लाकूड म्हणजे कट्टिगे, बाभूळ म्हणजे जाली, कडुनिंब म्हणजे बेवू, आंबा म्हणजे मावु, फणस म्हणजे हलसु. मत्ती, होन्ने, नंदी ही नावं आपण मराठीतही वापरतोच. ‘ओणगिद कट्टिगे’ म्हणजे वाळलेलं लाकूड, एवढे दोन शब्द पाठ करा. आणि ‘अण्णा’ म्हणून सुरुवात करा, ती दोन्ही भाषांत चालते.

माझी खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. एवढं जड टेबल वर कसं न्यायचं?

अख्खं नेऊच नका. दोन्ही बाजूंच्या पायांच्या चौकटी कूस-खाचेनं (एकाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून) पक्क्या चिकटवा, पण लांब पट्ट्या आणि माथा फक्त नट-बोल्टनं जोडा. माथाही एक-एक फुटाचे दोन भाग करून मध्ये बोटभर फट ठेवली तर मत्तीचा एक भाग साधारण पस्तीस-छत्तीस किलोचा होतो, दोघांना उचलता येतो. ती फट नंतर पटाश्या उभ्या ठेवायला कामी येते. बोल्ट अर्ध्या इंचाचे घ्या, वायसर मोठे लावा आणि पाना घरातच ठेवा. पहिल्या उन्हाळ्यात सगळे बोल्ट एकदा पुन्हा आवळावे लागतात.